टाकीतली गाळणी

गाडी सरळ बंद पडली असती तर बरं झालं असतं, असं तिला त्या दिवसांत वाटायचं. बंद पडलेल्या गाडीला निदान ढकलता येतं, चार लोकांना दाखवता येतं. ही गाडी बंद पडत नव्हती, ती फक्त चढावर आचके द्यायची. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची, आणि चढ लागला की उचकी लागल्यासारखं करायची. ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर उचक्याही जास्त. दुरुस्तीवाल्यापुढे उभी केली की मात्र इंजिनाचा आवाज असा गोड, की जणू हीच बाई उगाच तक्रारी करते.

ती घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करवून घेणारी फिजिओथेरपिस्ट होती. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, कुणाचा अर्धांगाने लुळा पडलेला हात. दिवसाला सात-आठ घरं व्हायची. रुग्ण दमून हात खाली सोडायचे तेव्हा ती हमखास "अजून एक!" म्हणायची, म्हणून तिच्या पाठीमागे सगळे तिला 'अजून एक' म्हणत. पाठीमागे म्हणजे तिला ऐकू येईल इतक्या मोठ्यानेच.

गाडी मुळात तिच्या सासऱ्यांची, अण्णांची. छोटी पेट्रोल गाडी, सात वर्षं जुनी, पण कुठे ओरखडा म्हणून नाही. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी अण्णांना गाडी चालवायला मनाई केली. घरी येऊन अण्णांनी किल्ली सुनेच्या हातात दिली, "ब्रेक हळू दाबत जा" एवढंच बोलले आणि खोलीत जाऊन बसले. त्यानंतर गाडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. निदान पहिला आठवडाभर तरी. मग मात्र रोजच्या सूचना सुरू झाल्या.

गाडीच्या उचक्या सुरू झाल्यावर ती आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेली. तिथे हातात टॅबलेट घेतलेल्या एका अतिशय नम्र माणसाने तिला काचेच्या खोलीत बसवलं. त्यांनी स्पार्क प्लग बदलले, एक कॉइल बदलली, थ्रॉटल साफ केला. गाडी धुऊन, आत सुगंध फवारून परत दिली. पहिल्याच चढावर तिला उचकी लागली.

ती परत गेली. नम्र माणसाने मशीन लावलं, मशीनने 'मिश्रणात पेट्रोल कमी' असं काहीतरी दाखवलं. टॅबलेटवर बोट फिरवत तो म्हणाला, "मॅडम, पंप बदलून बघा."

तिने पंप बदलला. नेहमीचा कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप सोडून ती तीन आठवडे दहा मिनिटांचा वळसा घालून पार दुसऱ्या टोकाच्या पंपावर जात राहिली. काही फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला ती काचेच्या खोलीत शिरली ती तणतणतच.

"पंप बदलला. ढिम्म फरक नाही."

नम्र माणूस गोंधळला. "कुठे बदलून घेतलात, मॅडम? आमच्याकडे तर नोंद नाही."

"त्याची तुमच्याकडे कशाला नोंद हवी? पलीकडच्या चौकातल्या पंपावर जाते मी आता."

नम्र माणसाने टॅबलेट खाली ठेवला. मग त्याने अत्यंत हळू आवाजात समजावलं, की टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा एक पंप गाडीच्या आत असतो. तिने डोळे मिटून घेतले. तीन आठवडे, दर खेपेला दहा मिनिटं.

"मग तो पंप बघा ना तुम्ही."

"बघितलाय, मॅडम. उभ्या गाडीत दाब बरोबर येतोय. तरी बदलायचाच असेल तर पूर्ण युनिट मागवावं लागेल. तीन आठवडे."

बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरवाला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पूर्ण बंद करून परत चालू करून बघितलीस का?"

"तुला घरी आल्यावर सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरी फजिती झाली ती त्यानंतरच्या गुरुवारी. तिचा एक रुग्ण होता, शिंपी. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. सहा आठवडे ती त्याला उभं करत होती, पाय उचलायला शिकवत होती, शिव्या खात होती. त्या गुरुवारी तो घरासमोरच्या पायऱ्या पहिल्यांदा चढणार होता. ती साडेनऊला निघाली आणि उड्डाणपुलाच्या बरोबर मध्यावर गाडी आचके देत देत पार थांबली. मागे ट्रक. ट्रकच्या मागे आणखी वीस गाड्या, आणि वीसच्या वीस हॉर्न. एक मोटारसायकलवाला बाजूने जाताना ओरडला, "पहिला गिअर टाका, ताई!" जणू तिने तो पिशवीत घालून ठेवला होता.

दोन माणसांनी गाडी कडेला लावून दिली. ती दिवे लुकलुकत ठेवून बसली असताना शिंप्याच्या बायकोचा फोन आला. "मॅडम, कुठे राहिलात? हे थांबायला तयारच नाहीत. मी धरलं आणि हे चढले! सहाच्या सहा पायऱ्या!" बाई रडत होती आणि हसत होती. पाठीमागून शिंप्याचा अडखळता आवाज आला, "तिला सांग... अजून एक."

तिला आनंद झाला. खूपच झाला. आणि त्याच वेळी तिने स्टिअरिंगवर हाताने असा फटका मारला की मनगट दोन दिवस दुखलं. सहा आठवड्यांची मेहनत, आणि तो क्षण तिने कुठे घालवला, तर पुलावर, ट्रकवाल्याच्या शिव्या ऐकत.

संध्याकाळी अण्णा स्वतःहून म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर. मला ऐकू दे."

"अण्णा, कॉम्प्युटरला कळलं नाही ते तुम्हाला काय ऐकू येणार?"

"डोळे गेलेत. कान आहेत."

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या सीटवर बसले. सपाट रस्त्यावर तीनदा म्हणाले, "ब्रेक हळू." पूल लागला. गाडीने पहिला आचका दिला तसा अण्णांनी हात वर केला. "दाब कमी कर. हं. आता सुरळीत. आता परत दाब." गाडी परत उचकली. अण्णांच्या चेहऱ्यावर तिने दोन वर्षांत न पाहिलेला तजेला आला.

"गाळणी तुंबलीय," ते म्हणाले.

"काय?"

अण्णांनी चौतीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली होती, वाळूचे मोठमोठे गाळणहौद सांभाळण्यात. "पहाटे मागणी कमी असते," ते सांगू लागले. "तेव्हा तुंबलेला हौदसुद्धा पाणी बरोबर देतो. कुणाला कळतही नाही. सात वाजता सगळं गाव एकदम नळ सोडतं, आणि मग वरच्या मजल्यांची बोंब सुरू होते. तुझं इंजिन तसंच आहे. उभ्या गाडीत त्याला घोटभर पुरतं. चढावर ते मागतं बादलीभर, आणि तुंबलेल्या गाळणीतून येतं तेवढंच येतं. मग ते तहानेने उचक्या नाही देणार तर काय?"

इतक्या दिवसांत इतकं सरळ तिला कुणीच सांगितलं नव्हतं. याचाही तिला रागच आला. तिने तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन केला.

"मॅडम, पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या आतच असतो, पंपाच्या डब्यात," नम्र माणूस म्हणाला. "या मॉडेलला तो बदलावा लागत नाही. लाइफटाइम आहे."

"कुणाच्या लाइफटाइम?"

"गाडीच्या."

"म्हणजे तो तुंबला की गाडीच वारली असं धरून चालायचं?"

पलीकडे टॅबलेटवर बोट आपटल्याचा आवाज आला.

अण्णांच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं गॅरेज, भिंतीवर पाने आकारमानाप्रमाणे टांगलेले, फरशीवर तेलाचा थेंब नाही. माणूस कामात पक्का, फक्त बोलताना अर्धं वाक्य बोलायचा आणि उरलेलं गिळायचा. ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

त्याने बॉनेट उघडून पेट्रोलच्या नळीला एक दाबमापक जोडला आणि त्याची तबकडी वायपरपाशी चिकटवली, म्हणजे चालवताना समोरून दिसेल. "उभ्या गाडीत बघून काय..." तो म्हणाला आणि मागच्या सीटवर बसला. सपाटीला काटा चारवर होता. चढावर तिने पाय दाबला, तसा काटा थरथरला आणि खाली येऊ लागला. तीन. अडीच. दोनच्या खाली गेला आणि गाडीने उचकी दिली.

"बघ!" अण्णा इतक्या जोरात ओरडले की तिने ब्रेक दाबला, आणि तोही हळू नाही. "बघ, मी काय म्हणत होतो?"

सोमवारी सकाळी मिस्त्रीने गाडी आत घेतली. आधी टाकीतलं पेट्रोल उपसून घेतलं. पंपाचा फ्यूज काढून त्याने इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, नळीतला दाब उतरवला, मग बॅटरीची तार सोडली. आग विझवायचं नळकांडं जवळ ओढून ठेवलं. मागची सीट उचलली तर खाली तिचे हरवलेले तीन पेन, एक केसांची पिन आणि व्यायामाचा रबरी पट्टा. त्याच्या खाली पत्र्याचं गोल झाकण. मिस्त्रीने झाकणाभोवतीची धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने इतकी निगुतीने साफ केली की तिला राहवेना.

"उघडायचं सोडून झाडलोट कसली करताय?"

"वरची धूळ आत पडली, तर मग आपणच..."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "गाळणहौदाच्या कठड्यावर चपला घालून कुणाला येऊ द्यायचो नाही मी. साहेबालासुद्धा नाही." ते हात मागे बांधून उभे होते आणि सगळी नोकरी परत मिळाल्यासारखे बोलत होते. गाळणी हा अवयव माणसं कसा विसरतात, कंपन्या 'लाइफटाइम' म्हणून कशा हात झटकतात, आणि तुंबलेल्या गाळणीपायी पंपाचा जीव कसा जातो, हे सगळं त्यांनी मिस्त्रीला, तिला आणि शेजारच्या दुकानातून डोकावलेल्या एका टायरवाल्याला सांगितलं.

मिस्त्रीने मोठी कडी फिरवून सोडली आणि पंपाचा डबा तिरका करून अलगद वर काढला. डब्याच्या तळाला एक बारीक जाळी होती, लहान मुलाच्या मोज्यासारखी. तिच्यातून पेट्रोल पंपात शिरतं, आणि मग डब्यातल्या घड्या घातलेल्या कागदाच्या गाळणीतून पुढे इंजिनाकडे जातं. ही जाळी पांढरी असायला हवी होती. ती तपकिरी झाली होती, गंजाच्या बारीक गाळाने माखलेली. आणि त्या गाळात गुंतलेले निळे धागे होते. दोन-चार नव्हे, चांगला पुंजका.

मिस्त्री बुचकळ्यात पडला. "गंज एक वेळ... पण टाकी तर प्लास्टिकची. आणि हे निळं..."

"कुठल्या तरी पंपावरच्या भेसळीतलं असणार," ती फणकारली. "मी सोडणार नाही त्यांना. लेखी तक्रार करते."

अण्णा पुढे झाले, खिशातून भिंग काढलं, निळा पुंजका बोटांच्या चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ चोळत राहिले.

"तक्रार नको करूस," ते म्हणाले. "फडकं माझं आहे."

"कसलं फडकं?"

"नोकरीतल्या गणवेशाच्या सदऱ्याचं. त्यातून गाळून ओततो मी."

"काय ओतता?"

"पेट्रोल."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्षभरापासून अण्णा दर रविवारी दुपारी, ती झोपलेली असताना, जुना पत्र्याचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या पंपावर चालत जायचे. डबा भरून आणायचे आणि फडक्यातून गाळून गाडीत ओतायचे. डबा वीस वर्षांपूर्वीचा. आतून गंजला असेल हे कमी दिसणाऱ्या डोळ्यांना कळलं नव्हतं. आणि जीर्ण झालेल्या सदऱ्याचा तुकडा प्रत्येक वेळी थोडा थोडा टाकीत उतरत होता.

तिला आठवलं, गाडी किती कमी पेट्रोल खाते हे तिने किती जणांना कौतुकाने सांगितलं होतं. रुग्णांना, मैत्रिणींना. नवऱ्याला तर आकडेमोड करून दाखवली होती.

"अण्णा!" ती किंचाळलीच. टायरवाला आपल्या दुकानात परतला. मिस्त्री भिंतीवरचे पाने सरळ करू लागला, जे सरळच होते. "माझे दोन महिने गेले! प्लग बदलले, कॉइल बदलली, तीन आठवडे पंपासाठी वणवण केली, भर पुलावर लोकांच्या शिव्या खाल्ल्या! आणि तुम्ही परवा माझ्या शेजारी बसून मलाच गाळणीवर व्याख्यान देत होता?"

"निदान तर बरोबर होतं माझं," अण्णा पुटपुटले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला पेट्रोल ओतायला?"

"तुझा काटा कायम लाल दिव्यावर. कुठेतरी अडकशील म्हणून."

"अडकले ना मग! तुमच्यामुळेच अडकले!"

अण्णांनी मान खाली घातली. "आयुष्यात न गाळता थेंब दिला नाही मी कुणाला," ते म्हणाले, पण स्वतःशीच.

आता मिस्त्रीने तोंड उघडलं, आणि नेमकं त्याच दिवशी वाक्य पूर्ण केलं. "ताई, टाकी कायम रिकामी ठेवली तर पंप तापतो. त्याला गार ठेवायला भोवती पेट्रोल लागतं. आणि तळ गाठला की तळाचा गाळही तोच ओढतो. निदान पाव टाकी ठेवत जा." म्हणजे थोडा दोष तिचाही होता. हे त्या क्षणी ऐकायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"हा फिल्टर उलटा धुता येईल ना?" अण्णांनी हळूच विचारलं. "आम्ही हौद धुवायचो तसा, खालून दाब देऊन?"

"कागद आहे, अण्णा. धुतला की..." मिस्त्री परत मूळ पदावर आला होता.

दोन दिवस लागले. मिस्त्रीने टाकी उतरवून साफ केली, बाजारातून पंपाचा नवा डबा आणला, झाकणाखाली नवी रबरी कडी घातली. किल्ली तीन वेळा नुसतीच फिरवून दाब चढू दिला, जोडांवर बोट फिरवून ओल नाही ना हे बघितलं आणि मगच इंजिन चालू केलं. चढावर काटा चारवरून हलला नाही.

घरात मात्र दाब उतरायला तयार नव्हता. ती अण्णांशी कामापुरतंच बोलत होती. अण्णा तेवढंही नाही. नवरा दोघांच्या मधून पाय न वाजवता वावरत होता. एकदा त्याने "झालं गेलं" अशी सुरुवात केली, तेव्हा दोघांनीही त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेला.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तर अंगणात अण्णा टेबल मांडून बसले होते. मिस्त्रीकडून मागून आणलेला जुना फिल्टर त्यांनी दोन दिवस उन्हात वाळवला होता आणि करवतीने कापून उघडला होता. आतला कागद घडी घडी करून उलगडत ते टेबलावर पसरत होते. टेबल संपलं, तरी कागद संपेना. शेवटचा तुकडा त्यांनी खुर्चीवर घेतला.

"एवढा कागद एवढ्याशा डब्यात," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "कशी अक्कल लढवलीय बघ. आणि या घडीपासून या घडीपर्यंत सगळा माझा गंज."

ती राग विसरून वाकून बघू लागली. प्रत्येक घडीच्या बेचक्यात तपकिरी रेघ बसली होती, पेन्सिलीने आखल्यासारखी. इतकं सगळं त्या कागदाने अडवलं होतं आणि तरीही महिनोन् महिने ती रोज सात घरं फिरली होती.

"डबा?" तिने विचारलं.

"भंगारात दिला."

"फडकं?"

अण्णा कागदाची एक घडी बोटाने सपाट करू लागले. फडकं दिलं नव्हतं हे उघड होतं.

ती समोरच्या खुर्चीवर टेकली. तिला अजून रागवायचं होतं, पण दिवसभर लोकांचे हात-पाय उचलून तेवढी ताकद उरली नव्हती. आणि दर रविवारी, धड न दिसणारा हा माणूस भरलेला डबा घेऊन रस्ता कसा ओलांडत असेल, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"शनिवारी सकाळी आठला तयार राहा," ती म्हणाली. "पंपावर जायचं. मी गाडी चालवणार, तुम्ही भरून घ्यायचं. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ द्यायची नाही, ही तुमची जबाबदारी. आणि रविवारी दुपारी झोपायचं. गुपचूप."

"ब्रेक—"

"अण्णा!"

शनिवारी आठला पाच कमी असताना ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशेजारी उभे होते. पंपावर त्यांनी आधी भरणाऱ्या माणसाला विचारलं, की टँकर किती वाजता रिकामा झाला. नुकताच झाला असेल तर जमिनीखालच्या टाकीतला गाळ ढवळलेला असतो, तासभर थांबायला हवं. माणूस म्हणाला, टँकर परवा आला होता. अण्णा म्हणाले, नक्की? मग त्यांनी नळीचं तोंड पुसायला लावलं. मग भिंग काढून स्वतः पाहिलं. मग त्या माणसाला विचारलं, की तुमच्या यंत्रात गाळणी आहे ना, ती शेवटची कधी बदलली, आणि लाइफटाइम वगैरे मला सांगू नका.

मागे पाच गाड्या लागल्या. पहिला हॉर्न वाजला, मग दुसरा. तिने कपाळावर हात मारला, काच खाली केली, आणि परत वर केली.

भरणारा माणूस तिच्या खिडकीशी आला, वाकला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "ताई, हे आजच्यापुरतेच आलेत ना?"

"नाही," ती म्हणाली. "दर शनिवारी."